संपादकाला खर्डा पाठवताना: काय मागायचं आणि आलेल्या शेऱ्यांचं काय करायचं

‘जरा नजर टाकाल का?’ लेखाचा खर्डा पाठवताना बहुतेक जण एवढंच लिहितात. दोन दिवसांनी उत्तर येतं, ‘छान झालाय. दोन-तीन ठिकाणी ह्रस्व-दीर्घ बघून घ्या.’ लेखक खूश होतो, लेख प्रसिद्ध होतो आणि वाचक दुसऱ्या परिच्छेदातच निघून जातात. इथे संपादकाने अंगचोरपणा केला असं म्हणता येत नाही. नजर टाका म्हटलं, त्यांनी नजर टाकली.

पूर्वी लेख मासिकाकडे किंवा दैनिकाकडे गेला, की तो संपादक, उपसंपादक, मुद्रितशोधक अशा दोन-तीन हातांखालून जायचा. लेखकाला काही मागावं लागत नसे, ती व्यवस्थाच तशी होती. आता ‘प्रकाशित करा’ हे बटण लेखकाच्याच हाताशी आहे. संपादन हवं असेल तर ते मागून घ्यावं लागतं, आणि मागायचं तर त्यात काय काय येतं हे ठाऊक असावं लागतं. माझं सांगणं थोडक्यात असं: परका माणूस तुमचा लेख वाचताना कुठे अडला, हे तुम्हाला स्वतःला कधीच दिसत नाही, ते दाखवणं हा संपादकाचा खरा उपयोग. बाकीच्या दुरुस्त्या त्यानंतरच्या.

तीन कामं

संपादनात तीन निरनिराळी कामं येतात. पहिलं रचनेचं. लेख कुणासाठी आहे, सुरुवात योग्य जागी होते का, कुठला भाग आधी यायला हवा, काय गाळायचं, काय राहून गेलंय. दुसरं वाक्यांचं आणि माहितीचं. वाक्य एका वाचनात कळतं का, तीच गोष्ट दोनदा आली आहे का, दिलेली माहिती खरी आहे का, अवघड शब्द पहिल्यांदा आला तिथेच उलगडून सांगितलाय का. तिसरं मुद्रितशोधन, म्हणजे प्रूफ वाचणं. ह्रस्व-दीर्घ, अनुस्वार, विरामचिन्हं, तुटलेले शब्द, एकच नाव सगळीकडे एकसारखं लिहिलंय की नाही.

एकच माणूस ही तिन्ही कामं करू शकतो, पण एकाच वाचनात नाही. प्रूफ वाचताना डोळा अक्षरांवर असतो. रचना पाहताना अक्षरं दिसूनही न दिसल्यासारखी करावी लागतात. ‘सगळंच बघा’ म्हटलं, की माणूस साहजिकच सोपं तेवढं बघतो, आणि सर्वांत सोपं असतं ते ह्रस्व-दीर्घ.

हे उदाहरणाशिवाय पटायचं नाही. समजा, गावाकडे वडिलोपार्जित शेती आणि पोटापाण्यासाठी शहरात नोकरी, अशा एका माणसाने लेख लिहिला आहे. विषय: वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर वारसांची नावं कशी लावायची. विषय फार कामाचा आहे, कारण हजारो घरांत हे काम वर्षानुवर्षं रेंगाळलेलं असतं. खर्ड्याची सुरुवात अशी:

‘भारत हा कृषीप्रधान देश आहे. आपल्याकडे जमिनीला फार महत्व आहे. जमिन ही शेतकर्याची आई असते. अश्या ह्या जमिनीच्या कागदपत्रां मध्ये सातबारा हा मालकीचा सर्वात मोठा पुरावा समजला जातो. वडिलांच्या मृत्यू नंतर वारसांनी तलाठ्याकडे अर्ज करून फेरफार करून घेणे गरजेचे असते आणी त्या नंतर सातबार्यावर नाव लागते.’

मुद्रितशोधकाला इथे भरपूर काम आहे. ‘महत्व’ नव्हे, ‘महत्त्व’. ‘जमिन’ नव्हे, ‘जमीन’, मात्र ‘जमिनीच्या’ हे बरोबर. ‘कृषीप्रधान’ नव्हे, ‘कृषिप्रधान’, कारण सामासिक शब्दात पहिलं पद मूळ संस्कृतप्रमाणे ह्रस्व राहतं. याच नियमाने ‘मृत्यूनंतर’ दीर्घ, पण ‘मृत्युपत्र’ ह्रस्व. ‘कागदपत्रां मध्ये’, ‘त्या नंतर’ हे शब्द जोडून लिहायचे. ‘आणि’ ह्रस्वच. ‘शेतकर्याची’ आणि ‘सातबार्यावर’ ही फोनच्या कीबोर्डची देणगी. ‘ऱ’ हे अक्षर वेगळं शोधून टाइप करावं लागतं, ते केलं नाही की ‘ऱ्या’च्या जागी ‘र्या’ उमटतं. हे सगळं दुरुस्त झालं की परिच्छेद शुद्ध होतो. पण वाचकाच्या उपयोगाचा होतो का? नाही होत.

आता दुसऱ्या कामाच्या नजरेने पाहू. ‘सातबारा हा मालकीचा सर्वांत मोठा पुरावा समजला जातो’ या वाक्यापाशी जाणता संपादक थांबेल आणि बाजूला लिहील: ‘हे तपासलंत का?’ सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि गाव नमुना १२ यांचा एकत्र उतारा. सातमध्ये जमिनीवरच्या हक्कांची नोंद असते, बारामध्ये पिकांची. ही महसुली नोंद आहे. महसुली नोंदीमुळे मालकी हक्क निर्माण होत नाही किंवा संपतही नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत म्हटलं आहे. लेखकाचं वाक्य आपण सगळे रोज ऐकतो तसंच आहे, आणि म्हणूनच ते लेखात बिनबोभाट शिरलं. ‘फेरफार’ या शब्दाखालीही खूण येईल. गाव नमुना ६ मध्ये जमिनीच्या हक्कातला बदल आधी नोंदवला जातो, त्याला फेरफार म्हणतात, आणि तो मंजूर झाल्यावर सातबारा बदलतो. हे लेखकाला पाठ असल्यामुळे सांगायचं राहून गेलं. तिसरी खूण ‘तलाठी’ या शब्दावर. २०२४ पासून या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी असं झालं आहे. लोक तलाठीच म्हणतात, म्हणून एकदा दोन्ही नावं द्यावीत आणि पुढे तलाठी ठेवावं.

आणि रचना? रचना पाहणारा संपादक पहिली तीन वाक्यं सरळ खोडेल. इथे येणारा वाचक मोबाइलवर शोधून आलेला आहे. त्याच्या हातात वडिलांचा मृत्यूचा दाखला आहे आणि कुणाकडे जायचं हे त्याला कळत नाहीये. जमिनीचं महत्त्व त्याला सांगायची गरज नाही. संपादक हेही विचारेल, की भावंडांत एकमत नसेल तर काय होतं? फेरफाराची नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस जाते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते, हे तुम्ही लेखाच्या तळाशी एका ओळीत टाकलंय, पण निम्म्या वाचकांची खरी काळजी तीच असणार.

लेखक परत बसतो आणि सुरुवात अशी करतो: ‘वडील गेल्यावर त्यांची शेतजमीन आपोआप मुलांच्या नावावर होत नाही. त्यासाठी गावच्या तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज द्यावा लागतो.’ कितीतरी पटीने बरं झालं. तरी दुसऱ्या फेरीत संपादकाचा एक बारीक शेरा येतोच: ‘वारसाचा हक्क मृत्यूबरोबरच उघडतो, राहते ती नोंद. नोंद झाली नाही म्हणजे हक्क गेला, असं वाचून एखादी बहीण घाबरेल.’ मग पहिलं वाक्य बदलून असं होतं: ‘वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं आपोआप चढत नाहीत.’ दोन-तीन शब्दांचा फरक आहे, पण कायद्याच्या दृष्टीने तो सगळा फरक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचं असतं, हे वाक्यही मग आपसूक जागेवर येतं.

यावरून क्रम लक्षात येईल. आधी रचना, मग वाक्यं आणि माहिती, शेवटी प्रूफ. उलट केलं तर जी तीन वाक्यं खोडायची होती, त्यांतलं ‘महत्त्व’ सुधारण्यात संपादकाचा वेळ जातो. शिवाय एकदा प्रूफ झालेलं वाक्य लेखकाला पक्कं वाटू लागतं आणि ते काढताना हात अडखळतो.

खर्ड्याबरोबर चार ओळी

रचनेबद्दल मत हवं असेल तर खर्डा लवकर पाठवावा, अगदी शेवट नीट जमला नसला तरी. प्रूफ हवं असेल तर तुमच्याकडून सगळं संपल्यावरच. मधल्या अवस्थेत पाठवलेला लेख सर्वांत वाया जातो, कारण लेखक मनाने तो पूर्ण समजून बसलेला असतो आणि संपादकाला तो कच्चा दिसत असतो.

सोबत काय हवंय ते स्पष्ट लिहावं. उदाहरणार्थ:

‘ताई, सोबत वारस नोंदीवरचा लेख पाठवतोय, साधारण १२०० शब्दांचा. ज्यांनी कधी तलाठी कार्यालयाची पायरी चढली नाही अशांसाठी आहे. सध्या ह्रस्व-दीर्घ बघू नका, ते मी नंतर करून घेईन. मला तीन गोष्टी हव्या आहेत. वाचताना कुठे कंटाळा आला किंवा मागे जाऊन पुन्हा वाचावं लागलं, तिथे नुसती खूण करा. वाचून झाल्यावर पहिली पायरी कुठली हे लेख न बघता एका वाक्यात लिहून पाठवा. आणि हरकतीचा भाग आधी घ्यावा का, याबद्दल मी साशंक आहे, तुम्हाला काय वाटतं? रविवारपर्यंत जमलं तर फार बरं होईल.’

यातली मधली विनंती मला सगळ्यांत मोलाची वाटते. वाचकाने लेख बाजूला ठेवून सांगितलेलं एक वाक्य तुमच्या मनातल्या वाक्याशी जुळलं नाही, तर लेखात कुठेतरी गडबड आहे, मग त्याने ‘छान आहे’ म्हटलं असलं तरी. ‘कसा वाटला?’ या प्रश्नाला भिडस्त माणूस चांगलाच म्हणणार, आणि आपल्याकडे भीड फार. प्रश्न नेमका असला की भिडेला जागाच उरत नाही. कुठे थांबलात एवढंच विचारलं आहे, लेख वाईट आहे का असं विचारलेलं नाही.

विचारायचं कुणाला

जवळची माणसं प्रेमाने वाचतात, पण त्यांची एक अडचण असते. तुमचं अर्धं बोलणं त्यांना आधीच ठाऊक असतं, त्यामुळे लेखातली गाळलेली जागा ती मनातल्या मनात भरून घेतात. समजावून सांगणाऱ्या लेखासाठी त्या विषयातलं काही न कळणारा पण वाचनाची सवय असलेला माणूस उत्तम. विषयातला जाणकार हा वेगळा वाचक आहे. निवृत्त तलाठी किंवा महसुली वकील यांना लेख दाखवायचा तो फक्त माहिती तपासायला. त्यांना भाषेबद्दल विचारलं तर लेख हळूहळू शासन निर्णयासारखा होत जातो. प्रत्येक वाक्यात ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ येतं, आणि ज्याच्यासाठी लिहायला बसलो तोच वाचक हातचा जातो.

व्यावसायिक संपादक मराठीत पूर्वीपासून आहेत. दैनिकांत आणि प्रकाशनसंस्थांत अनेक वर्षं काम केलेली बरीच मंडळी स्वतंत्रपणे काम घेतात. त्यांच्याशी आधी चार गोष्टी ठरवाव्यात: तीनपैकी कुठलं काम, किती फेऱ्या, कधीपर्यंत, आणि मानधन शब्दांवर की लेखावर. यात संकोच नको. आपल्याकडे संपादकाला ‘तेवढं जरा बघून द्या हो’ म्हणण्याची सवय जुनी आहे, आणि ती या कामाची कदर नसल्यामुळे टिकली आहे. चांगला संपादक बाराशे शब्दांचा लेख तीन-तीनदा वाचतो. त्या वेळेचे पैसे द्यायला हवेत. ऐपत नसेल तर दुसऱ्या लेखकाशी अदलाबदल करावी, त्याचा खर्डा तुम्ही मन लावून वाचायचा. दुसऱ्याच्या लेखातला अडखळा शोधता शोधता स्वतःच्या लेखातलाही थोडाफार दिसायला लागतो.

पाठवायची रीत

व्हॉट्सअॅपवर मजकूर चिकटवून पाठवू नये. शेरे कुठल्या ओळीबद्दल आहेत ते मग ‘वरून सातव्या ओळीत’ असं मोजत बसावं लागतं, आणि दोघांच्या फोनवर सातवी ओळ वेगळी असते. गूगल डॉक्सवर ठेवून ‘कमेंटर’ची परवानगी द्यावी. त्यात संपादकाचा बदल रंगीत दिसतो, खोडलेला शब्द काट मारलेला दिसतो, आणि प्रत्येक बदल ठेवायचा की नाकारायचा हे तुमच्या हातात राहतं. वर्डमध्ये ‘ट्रॅक चेंजेस’ हेच काम करतं. पूर्ण ‘एडिटर’ची परवानगी दिली तर कुणी काय बदललं हे शोधायला जुन्या आवृत्त्या उघडत बसावं लागतं.

अजूनही काही लेखक श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फाँटांत टाइप केलेला मजकूर पाठवतात. तो युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर आणि फोनवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, नसल्यामुळे दुसऱ्याच्या संगणकावर नुसती इंग्रजी अक्षरांची रास दिसते, आणि रूपांतर केलं तरी जोडाक्षरं आणि रफार हटकून बिघडतात. आधीच युनिकोडमध्ये टाइप करावं. न्यू जर्सीतला लेखक आणि सांगलीतला संपादक आज एकाच मजकुरावर बसू शकतात ते त्यामुळेच.

आणखी एक. संपादकाला एकदा तरी लेख फोनवर वाचायला सांगावं. संगणकावर आटोपशीर वाटणारा आठ ओळींचा परिच्छेद फोनवर सगळा पडदा व्यापतो, आणि वाचक कुठे थकेल ते तिथेच समजतं.

शेरे आल्यावर

आता अवघड भाग. शेऱ्यांनी भरलेला खर्डा उघडला की पहिल्या पाच मिनिटांत जे वाटतं त्यावर काही ठरवू नये. आधी सगळे शेरे वाचून काढावेत, काहीही न बदलता, आणि एक रात्र मध्ये जाऊ द्यावी.

मग प्रत्येक शेऱ्यातल्या दोन गोष्टी वेगळ्या करायच्या: तक्रार आणि सुचवलेला उपाय. संपादकाची तक्रार जवळजवळ नेहमी खरी असते. तो वाचक आहे आणि तिथे तो अडला, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. उपाय मात्र बरोबर असेलच असं नाही, कारण तुम्हाला काय म्हणायचं होतं हे त्याच्यापेक्षा तुम्हाला जास्त ठाऊक आहे.

वारस नोंदीच्या लेखातच पाहा. पंधरा दिवसांच्या नोटिशीच्या परिच्छेदावर समजा शेरा आला: ‘हा भाग रटाळ आहे, काढून टाका.’ लेखक आधी चिडेल, कारण तो भाग काढला तर लेख अपुरा राहतो, आणि ते खरंच आहे. पण रटाळ वाटला हेही खरं. का वाटला? तो कागदपत्रांच्या लांबलचक यादीनंतर आला होता आणि त्याची सुरुवात अशी होती: ‘त्यानंतर विहित नमुन्यात नोटीस काढण्यात येते.’ नोटिशीमुळे आपल्या घरात काय घडू शकतं, हे वाचकाला कळायच्या आतच त्याचं लक्ष उडालं. लेखकाने तो भाग वर आणला आणि लिहिलं: ‘नोंदीनंतरचे पंधरा दिवस महत्त्वाचे. या मुदतीत भावंडांपैकी कुणीही हरकत घेऊ शकतं. हरकत आली तर नोंद वादात जाते आणि सुनावणी होते. न आली तर तलाठ्याच्या वरचे मंडळ अधिकारी ती मंजूर करतात.’ तक्रार मानली, उपाय नाकारला, आणि परिच्छेद लेखाचा कणा झाला.

‘सगळे बदल स्वीकारा’ हे बटण म्हणूनच धोक्याचं आहे. सगळं नाकारणारा लेखक निदान स्वतःचं काहीतरी राखतो. सगळं स्वीकारणाऱ्याला लेख कुठे अडत होता हे कळतच नाही, आणि पुढच्या लेखात तो तिथेच अडतो. प्रूफातले बदल डोळे झाकून घेतले तर चालतात. बाकी प्रत्येक बदलापाशी थांबून हा का सुचवला असेल, हे स्वतःला विचारायला हवं. कळलं नाही तर संपादकाला विचारावं, त्यात कमीपणा नाही. न स्वीकारलेल्या मोठ्या सूचनेखाली एका ओळीत कारण लिहावं. संपादकाला मान दिल्यासारखं होतं, आणि कधी कधी कारण लिहिताना आपलंच कारण लंगडं असल्याचं ध्यानात येतं.

दोन वाचकांनी एकाच जागी बोट ठेवलं, पण कारणं वेगळी दिली, तर दुर्लक्ष करू नये. जागा नक्की बिघडलेली आहे. एक म्हणतो लांबण लागलीय, दुसरा म्हणतो अजून खुलासा हवा, तेव्हा बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या परिच्छेदात काहीतरी राहिलेलं असतं.

संपादकाची आवड

मराठीत संपादकाच्या शेऱ्यांची परंपरा मोठी आहे. ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, कथा कुठे ढिली पडते ते सांगत, पुनर्लेखन करून मागत. आपलं लेखन त्या पत्रांनी घडलं, असं सांगणारे लेखक अनेक आहेत. छापण्याआधी कुणीतरी इतकं मनापासून वाचावं, ही चैन नाही, लेखकाची गरज आहे, असं मला वाटतं.

पण त्याच मासिकाच्या अंकाची १९६९ मध्ये मुंबईत तरुण लेखकांनी जाहीर होळी केली. एका ठरावीक अभिरुचीत न बसणाऱ्या लेखनाला तिथे दार बंद आहे, हा त्यांचा राग होता. लघुनियतकालिकांच्या, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या छोट्या अंकांच्या, चळवळीतून वेगळी भाषा, वेगळ्या वस्त्या, वेगळं जगणं मराठीत आलं. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत. संपादक कितीही निष्ठेचा असला तरी त्याला स्वतःची आवड असते, आणि त्या आवडीला सीमा असते.

आज हा प्रश्न रोजच्या खर्ड्यात येतो तो बोलीच्या रूपाने. नागपूरकडचा लेखक ‘तो काम करून राहिला’ लिहितो, पुण्याचा संपादक त्याचं ‘तो काम करतो आहे’ करून टाकतो. मालवणी संवादांतलं ‘इलंय’ बदलून ‘आलोय’ होतं. अनुभवाच्या लेखात अशा दुरुस्तीने लेखकाचा आवाजच जातो. तिथे लेखकाने ठाम राहावं, आणि खर्ड्याबरोबरच्या चार ओळींत ‘बोली तशीच ठेवा’ असं आधीच लिहावं. माहितीच्या लेखात मात्र निकष वेगळा: लातूरच्या आणि सावंतवाडीच्या वाचकाला सारखंच कळायला हवं.

प्रमाण लेखनाचे नियम ठरलेले आहेत. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेल्या नियमांना १९६२ मध्ये शासनाची मान्यता मिळाली, १९७२ मध्ये त्यांत भर पडली आणि ते अठरा झाले. ‘केले’ लिहायचं की ‘केलं’, हे मात्र लेखाच्या ढंगावर ठरवायचं. दोन्ही चालतात, फक्त एका लेखात दोन्हींची सरमिसळ नको. ती सरमिसळ पकडणं हे संपादकाचं काम, आणि त्यातलं कुठलं ठेवायचं हा निर्णय लेखकाचा. हे वाटप आधी ठरलं की भांडणं निम्मी कमी होतात.

यंत्राला विचारलं तर?

हा प्रश्न आता सगळेच विचारतात. प्रूफाच्या कामात यंत्राची मदत घ्यायला हरकत नाही, पण मराठीत तिलाही मर्यादा आहेत. आपल्या शब्दाला प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं चिकटतात, एकाच शब्दाची डझनावारी रूपं होतात. ‘सातबाऱ्यावरच्यासुद्धा’ हा शब्द तपासणीच्या कोशात सापडायचा कुठून? बरोबर शब्दाखालीही लाल रेघ येते आणि मग लोक सगळ्याच लाल रेघा सोडून देतात. संभाषण करणारी नवी साधनं वाक्यं सफाईदार करून देतात, सूचनाही भरपूर करतात. पण वाचता वाचता कंटाळणं, एखाद्या वाक्याने दुखावणं, वडिलांचा दाखला हातात धरून तलाठी कार्यालयाबाहेर उभं राहिल्याचं आठवणं, हे माणसालाच होतं. ‘एखादी बहीण घाबरेल’ हा शेरा ज्याने असं घर पाहिलंय त्याच्याकडूनच येण्याची शक्यता जास्त. समजावून सांगणाऱ्या लेखाला नेमका तोच वाचक हवा असतो.

प्रसिद्ध झाल्यावर

संपादकाचं नाव लेखाखाली द्यायचं का, हे आधी विचारून घ्यावं. काहींना आवडतं, काहींना नको असतं. दुव्याबरोबर अंतिम मजकूर त्यांना आवर्जून पाठवावा, म्हणजे आपल्या शेऱ्यांचं काय झालं ते त्यांना दिसतं आणि पुढच्या वेळी ते अधिक मोकळेपणाने बोलतात.

ऑनलाइन लेख नंतरही बदलता येतो, ही सोय आहे आणि जबाबदारीही. राहून गेलेला ह्रस्व-दीर्घ गुपचूप सुधारला तरी चालतं. माहिती बदलली तर मात्र लेखाच्या शेवटी तारीख घालून काय बदललं ते लिहावं: कुठलं पदनाम, कुठली मुदत, कुठलं शुल्क. आपला लेख कुणीतरी छापून, घडी करून सोबत नेलेला असू शकतो, आणि खिडकीपलीकडचा कर्मचारी ‘हे आता असं नाही’ म्हणाला, तर कुठला कागद खरा मानायचा हे त्या माणसाला तारखेवरून कळायला हवं.